दोन घंट्या

श्रोतेहो, नमस्कार.

मी बेस्टचा कंडक्टर. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण 'कंडक्टर होतो' असं म्हणायला अजून जीभ वळत नाही. आज तुम्हाला सांगायचंय ते एका शाबासकीबद्दल. ती मला कॅन्टीनच्या बाकावर मिळाली आणि आजतागायत पुरली आहे.

साल १९८४. आमची खोली लालबागच्या चाळीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हापासून वडील घरी बसले होते. त्यांची हयात कापडखात्यात गेलेली. घरात भांडणं नव्हती, पण बोलणंच आटलं होतं. वाण्याची उधारी कशी फेडायची हा घोर लागलेल्या घरात कोण कुणाला 'छान केलंस' म्हणणार? अशा घरातून मी खाकी कपडे चढवून डेपोत हजर झालो.

नव्या पोराला जुन्या कंडक्टरच्या हाताखाली देत असत. मला जे मिळाले, त्यांना सगळा डेपो 'मास्तर' म्हणायचा. त्यांची नोकरी ट्रामवर सुरू झालेली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ते रस्त्यावरच्या गर्दीत उभे होते. ही हकीकत सांगताना ते मध्येच थांबायचे आणि मग एकदम तिकिटांच्या पेटीकडे वळायचे.

शिकवायचे मात्र हातात हात धरून. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात कशा धरायच्या, पंच न बघता बरोबर टप्प्याच्या आकड्यावर कसा दाबायचा. प्रवाशानं दिलेली नोट त्याचे सुट्टे परत करेपर्यंत पिशवीत टाकायची नाही, म्हणजे 'मी पन्नासची दिली होती' हा वाद होतच नाही. थांब्याचं नाव गाडी थांबल्यावर पुकारायचं नाही, आधीचा थांबा सुटला की पुकारायचं. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे कुणीही सांगेल. दुसऱ्या घंटीच्या आधी मागे वळून बघायचं, हे मास्तरांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कॅश भरताना माझे अठरा रुपये कमी आले. तेव्हा अठरा रुपये म्हणजे आमच्या घरात मोठी रक्कम होती. कानशिलं तापली. आता मास्तर चारचौघांत खरडपट्टी काढतील, या भीतीनं मी मान वर केली नाही. ते मला कॅन्टीनला घेऊन गेले, दोन कटिंग सांगितले, आणि वे-बिल, म्हणजे तिकीटविक्रीच्या नोंदीचा कागद, पुढ्यात ठेवून आमच्या सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून माझ्याकडून वदवून घेतल्या. भायखळ्याच्या गर्दीत एकाला सुट्टे दोनदा दिले गेले होते, असं आमचं आम्हालाच उमगलं.

मग चहाचा ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "हिशेब चुकला, तो उद्या सुधारेल. पण परळला त्या म्हातारीची पाटी खाली टेकेपर्यंत तू दोन घंट्या दिल्या नाहीस. मागून लोक ओरडत होते, तरी दिल्या नाहीस. हे मी तुला शिकवलं नव्हतं." आणि पाठीवर हात ठेवला.

रात्री घरी सांगितलं. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पाटी कसली होती रे?"

"कोथिंबिरीची."

उठून बसले. आईला म्हणाले, "ह्याला वाढ गं." किती महिन्यांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं!

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केलाय. 'हुशार आहेस' असं मास्तर म्हणाले असते, तर मी आठवड्यात विसरलो असतो. त्यांनी मी नेमकं काय केलं ते पाहिलं होतं. कौतुक करणाऱ्यानं आधी बघितलेलं असावं लागतं, आणि धावत्या गाडीत, तिकिटं फाडता फाडता, दुसऱ्याकडे असं बघणं सोपं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी दादरला रोज चढणारे एक अंध गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही नाव आधी पुकारता, म्हणून तुमच्या गाडीत मला उठायची घाई होत नाही." संध्याकाळी मी मास्तरांना फोन केला. त्यांना इतका आनंद झाला की तेच वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सुखंही त्यांनीच दाखवली. पहाटेची पहिली गाडी काढण्याआधीचा चहा आणि मस्कापाव. रिकाम्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची खिडकी, आणि पावसाळ्यात झाडाची ओली फांदी काचेवर घासत जाते तो आवाज. वर उभ्यानं प्रवास करायला मनाई, त्यामुळे वरच्या कंडक्टरला गर्दीतही जरा मोकळा श्वास मिळायचा. तिथली ड्युटी लागली की मला सण वाटायचा.

१५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डबलडेकर बंद झाल्या. शेवटची गाडी अंधेरीला, आगरकर चौक ते सीप्झ. मी मास्तरांना घेऊन गेलो. वय त्र्याऐंशी, जिना चढवेना, म्हणून आम्ही खालीच बसलो. फुगे, हार, फोटो काढणाऱ्यांची रेटारेटी. एका थांब्यावर नातवाचा हात धरून एक आजी चढल्या. बाहेरून लोक 'चला, चला' करत होते. कंडक्टर पोरगेलासा होता. त्यानं वळून पाहिलं, आजी सीटवर नीट टेकल्या, आणि मगच त्यानं घंटी दिली.

मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "पाहिलंस?" मी म्हटलं, "पाहिलं." "मग बसून काय राहिलास? सांग त्याला."

मी उठलो, आणि गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे गेलो.