हट्टीच्या उभ्या थरांचा नकाशा

सोलापूरकराची खडकाशी पहिली ओळख विहिरीत होते. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे हे प्रवाह आजही जवळजवळ आडवेच आहेत. त्यामुळे खालचा प्रवाह आधीचा आणि वरचा नंतरचा, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

विजापूरमार्गे दक्षिणेला निघून कृष्णा ओलांडली आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टी-मस्की या सोन्याच्या पट्ट्यात पाऊल ठेवले की हा हिशेब चुकू लागतो. इथला खडकही मुळात बेसाल्टच आहे. पण तो 250 कोटी वर्षांहून जुना आहे. दाब आणि उष्णता सोसून त्यात क्लोराइट, हॉर्नब्लेंड यांसारखी खनिजे तयार झाली आणि त्याला हिरवट-काळी छटा आली. घड्या पडताना मूळचे आडवे प्रवाह जवळजवळ उभे राहिले. म्हणून इथे थर मोजायचे ते खाली खणून नव्हे, तर पट्टा आडवा चालून.

चालताना पहिला प्रश्न येतो तो उभ्या थराची वरची बाजू कोणती, हा. समुद्राच्या पाण्यात ओतलेला लाव्हा उशांसारख्या गोळ्यांत थिजतो. प्रत्येक उशीचा माथा फुगीर असतो आणि तळ खालच्या दोन उशांमधल्या खाचेत शेपटीसारखा उतरलेला असतो. ओल्या फडक्याने पुसलेल्या खडकावर ही शेपटी दिसली की त्या काळी तळ कोणत्या बाजूला होता, ते कळते. मात्र ताणून चपट्या झालेल्या उशीवर विश्वास टाकू नये. तसेच शिस्टच्या, म्हणजे दाबाने पापुद्रेदार झालेल्या खडकाच्या, पापुद्र्यांना थर समजू नये, कारण ते पापुद्रे दाबामुळे नंतर पडलेले असतात. नवख्याचा नकाशा बहुधा इथेच बिघडतो.

सोन्यासाठी या बारकाव्यांना फार मोल आहे. खडक जिथे एकमेकांवर घासत सरकले, त्या अरुंद पट्ट्यांतून गंधकयुक्त उष्ण द्रव वर आले. बेसाल्टमधील लोहाशी त्या गंधकाचा संयोग होऊन सल्फाइडे तयार झाली आणि द्रवात विरघळलेले सोने गारगोटीच्या शिरांत व त्यांच्या कडेच्या खडकात उरले. हट्टीला सुमारे 2000 वर्षांपूर्वीही लोक याच शिरांमागे खोल उतरले होते. मस्कीचा शिलालेख, ज्यात सम्राट अशोकाचे नाव स्पष्ट कोरलेले आहे, तोसुद्धा 1915 साली सोन्याच्या खाणकामातील एका अभियंत्याच्याच दृष्टीस पडला.

नकाशाचे काम संथ आहे. दर थांब्यावर होकायंत्र-नतिमापकाने थराची दिशा आणि कल मोजायचा, हातोड्याने ताजा तुकडा काढून भिंगाखाली पाहायचा, जागा नकाशावर टिपायची आणि वहीत लिहायची. काळ्या मातीने मधला खडक झाकलेला असला, तर शेताच्या बांधावर रचलेले दगडही पाहावे लागतात. पण ते जागचे नाहीत, अशी नोंद ठेवूनच. संध्याकाळी या टिपणांवरून रेघा ओढल्या जातात. जी सीमा प्रत्यक्ष पाहिली ती अखंड रेघेने काढायची आणि जी मातीखाली गेली ती तुटक रेघेने.