हत्यारांविषयी थोडंसं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'पिस्तुलाची घरगुती देखभाल : हत्यारांची निवड'. हत्यारं म्हणजे अवजारं, पण आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी ती पत्रिका वाचली आणि कालपासून त्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर येत नाहीत.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५नुसार बंदूक-पिस्तुलाच्या दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा नव्हे. तेव्हा आपलं काम साफसफाई, तेलपाणी, मुठीचे स्क्रू, एवढंच. आणि त्यासाठी मी आयुष्यात एकाच हत्याराला मानलं, ते म्हणजे स्क्रूड्रायव्हर. हसू नका.

आमच्या कोकणातल्या घरी वडिलांची बाराबोअरची दुनळी होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. माकडांना ती तोंडपाठ होती. वडील घरी नसले की बरोब्बर यायची. मी सतरा वर्षांचा. एका दुपारी ट्रिगर गार्डचा स्क्रू काढायचं डोक्यात आलं. घरात स्क्रूड्रायव्हर एकच, आईचा, कुकरची मूठ आवळायचा. लावला, जोर दिला, तो उसळून बाहेर आला आणि अक्रोडाच्या दस्त्यावर बोटभर ओरखडा. पुन्हा लावला, पुन्हा उसळला. चौथ्यांदा खाचेच्या कडा अशा फुलल्या, जशा करंजीच्या काठाला मुरड घालतात. वडील काही बोलले नाहीत. बंदूक माझ्या मांडीवर देऊन जीपमधून तालुक्याच्या गनस्मिथकडे घेऊन गेले. न बोलण्याचे ते दीड तास अजून आठवतात.

त्या म्हाताऱ्यानं स्क्रूकडे बघितलंच नाही. मला म्हणाला, "हत्यार आणलंस?" आणलं होतं. त्यानं ते उजेडात आडवं धरलं. "बघ, पातं पाचरीसारखं आहे. टोकाला बारीक, वर जाड." पाचर खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते. पीळ दिला की ती स्वतःलाच वर ढकलते, जाताना कडा घेऊन जाते. मग त्यानं खण उघडला. आत वीसेक स्क्रूड्रायव्हर, प्रत्येकाचं पातं घासून दोन्ही बाजू समांतर केलेल्या. खाचेच्या तळापर्यंत पोचणारं, जाडीला गच्च, रुंदीला स्क्रूच्या डोक्याइतकं. त्याहून रुंद असलं तर शेजारचा धातू खरवडतं. त्यानं एक लावला, मनगट फिरवलं. आवाजसुद्धा नाही. असल्या पात्याला हॉलो-ग्राउंड म्हणतात हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं.

म्हणून शंभर तोंडांचा स्वस्त सेट घेऊ नका. मी घेतलाय. त्यातली चार वापरतो, सोळा हरवलीत आणि बाकीची...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, यादी पळवतो.

आधी मॅगझिन काढा, मग चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानंही तपासा. छोटी पितळी हातोडी. पिना ठोकून काढायला पोगर, म्हणजे पंच: साध्या पिनेला पितळी, रोल पिनेला (पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ पिनेला) टोकावर बारीक बोंड असलेला, नाहीतर पिनेचं तोंड चेपतं. युरोपियन एअर पिस्तुलांना मिलिमीटरच्या ॲलन की. इंचाची 'जवळपास बसणारी' नको. नळी साफ करायला एकसंध, आवरण असलेली सळई, शक्यतो मागून घालायची. स्प्रिंग उडणार असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून काम करा. मी एक स्प्रिंग ट्यूबलाइटच्या पट्टीवर सहा महिन्यांनी शोधली. एअर पिस्तुलाचा २०० बार दाबाच्या हवेचा सिलिंडर उघडायचा नाही, त्यावरची तारीख वाचायची. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीस, साधं तेल नको. कानस? कानस घेऊच नका.

प्रश्न? हं, मागून. ट्रिगर हलका करायला कुठलं हत्यार? स्पर्धेत एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन न सुटता उचलता आलं पाहिजे. ट्रिगर कमी-जास्त करायचा स्क्रू पिस्तूल बनवणाऱ्यानंच दिलेला असतो. एक ॲलन की आणि एक वजन, बस.

आणि हो, तो कुकरचा स्क्रूड्रायव्हर अजून घरात आहे. कुकरलाच.