पहिला पीस

(दृश्य: भोसरी एमआयडीसी, सकाळ. टपरीवर चहा, गेटाशी लागलेल्या दुचाकी.)

पावणेसात वाजलेत. कटिंग संपवून माणसं आपापल्या गेटात शिरतायत. पाळी सातची, पण धातू कापायचं मशीन लगेच सुरू होत नाही. रात्रपाळीवाला आधी रजिस्टर पुढे करतो. इन्सर्ट, म्हणजे कापायचं टोक, कधी बदलला, ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेतली दुरुस्ती, किती दिला, किती जॉब, म्हणजे घडवलेले भाग, बाद होऊन लाल बिनमध्ये गेले, सगळं त्यात असतं. वाचायचं, सही करायची. मग एकच जॉब काढायचा आणि क्वालिटीकडे न्यायचा. तिथून सही आल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.

(दृश्य: हातात प्लग गेज, जवळून.)

ड्रॉइंगवर लिहिलंय २५ एच७. म्हणजे बोअर, जॉबमधलं गोल भोक, २५.००० मिलिमीटरच्या खाली नको आणि २५.०२१ च्या वर नको. सगळी मुभा मिळून २१ मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केसच साधारण ७० मायक्रॉन भरतो. गेज म्हणजे भोक तपासायचा दांडा. त्याची ‘गो’ बाजू अलगद आत गेली पाहिजे, लाल खुणेची ‘नो-गो’ अडली पाहिजे. जोर लावायचा नाही.

पण मशीनवरचे काका थांबलेत. बोअर पुसून जॉब टेबलावर ठेवलाय आणि चेक शीट वाचतायत. घाई का नाही? जॉब अजून गरम आहे. पोलाद २० अंशांनी जास्त तापलेलं असेल, तर एवढं बोअर जवळजवळ ६ मायक्रॉननी मोठं होतं. गरम असताना ‘गो’ सुरेख जातं. गार झाल्यावर तेच अडतं. म्हणून शीटवर एक साधी ओळ आहे: जॉब गार झाल्यावर मोजा.

ही ओळ रोज, प्रत्येक पाळीला, कुणी बघत नसतानाही पाळणारा माणूस शोधून सापडत नाही. ‘काहीतरी वेगळं करून दाखव’ हे ऐकून ज्यांना शाळेत घाम फुटायचा, त्या मुलांपैकी कित्येक इथे रमतील. घरचे म्हणतात, तेच तेच काम, त्यात डोकं कसलं? मला ते पटत नाही. नवी युक्ती इथेही सुचते, पण ती आधी सांगायची, वेगळा ट्रायल घ्यायचा. चालू लॉटवर आपल्या मनाने ऑफसेट फिरवणाऱ्याला शॉपवर ‘कलाकार’ म्हणतात. ते कौतुक नसतं.

दहावीनंतर आयटीआयला टर्नर, मशिनिस्ट किंवा फिटर, दोन वर्षं. मग १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप, विद्यावेतनासह. पुढे ऑपरेटर, मग मशीन जुळवून देणारा सेटर. मोजण्याचीच गोडी असेल तर इन्स्पेक्शन. तिथली खोली २० अंशांवर ठेवतात, कारण ड्रॉइंगवरची मापं त्याच तापमानाची धरलेली असतात. औषधाच्या कारखान्यातही अशीच माणसं लागतात. बॅच रेकॉर्डवर लिहिलं नाही, ते तिथे झालंच नाही असं धरतात.

आठ-आठ तास उभं राहावं लागतं. कापताना सोडतात त्या कूलंटने बोटांची सालं निघतात. बऱ्याच जणांची नोकरी कंत्राटी असते, आणि जॉब उचलून लावायला काही ठिकाणी आता रोबोट आलाय. हे झाकून या कामाची भलामण करण्यात अर्थ नाही.

(दृश्य: पुन्हा टेबल.)

काकांनी जॉबला हाताची पाठ लावून पाहिली. गार. ‘गो’ आत गेलं. ‘नो-गो’ तोंडाशीच अडलं. जॉब क्वालिटीच्या खिडकीत.

सात वाजून बावीस मिनिटं. सही आली.

(आवाज: मशीनचा दरवाजा सरकून बंद.)