कुलवृत्तांतातली 'एक कन्या'

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय, 'ओंडक्यांच्या शाळेपासून प्रिन्स्टनपर्यंत : टेनंट घराणं'. अठराव्या शतकातल्या अमेरिकेतलं हे एक पाळकांचं घराणं. त्यावर मी येणार आहे, वचन दिलंय. पण कुलवृत्तांत या प्रकाराबद्दल माझ्या मनात वर्षानुवर्षं साचलेलं आहे, ते आधी बोलल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात आपापला कुलवृत्तांत असेल. आमच्याही घरात आहे, जाडजूड, कापडी बांधणीचा. पणजोबांना इनाम कसं मिळालं यावर त्यात साडेतीन पानं आहेत. माझी आत्या, जिनं तीन भावांची मुलं वाढवली, मला मांडीवर घेऊन पाटीवर 'ग म भ न' गिरवायला लावलं, तिच्याबद्दल दोन शब्द : 'एक कन्या'. नावसुद्धा नाही. मी चौदा वर्षांची असताना ते पान आत्याला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अगं, जागा कमी पडली असेल." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून घराण्याचा इतिहास हातात आला की मी आधी 'एक कन्या' शोधते. टेनंटांच्या घरात ती मला सापडली.

विल्यम टेनंट, जन्म १६७३. एडिंबरोला शिकला, आयर्लंडमध्ये बिशपांच्या चर्चची दीक्षा घेतली. बायको मात्र कॅथरिन केनेडी, प्रेसबिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या पंथाच्या, पाळकाची मुलगी. थोरल्या मुलाचं नाव ठेवलं गिल्बर्ट. हे नाव आजोळचं, कॅथरिनच्या वडिलांचं! १७१८ साली, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, हा गृहस्थ बायकामुलांना घेऊन फिलाडेल्फियाला उतरला, बिशपांची सत्ता मान्य नसल्याचं सांगून प्रेसबिटेरियन झाला. मुलगे चार : गिल्बर्ट, विल्यम, जॉन, चार्ल्स. चौघेही पुढे पाळक. इथपर्यंत कुठल्याही वंशावळीत मिळेल.

आता धाकट्या विल्यमची गोष्ट ऐका. ही मी थोडक्यात सांगणार नाही.

हा न्यू ब्रन्सविकला थोरल्या भावाकडे राहून पाळकपणाच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. इतका की तब्येत ढासळली, अंगाची काडी झाली. एके सकाळी भावाशी लॅटिनमध्ये बोलत होता, स्वतःच्या आत्म्याची चिंता करत, आणि बोलता बोलता कोसळला. श्वास नाही, हालचाल नाही. गेला म्हणून फळीवर ठेवला, दफनाचा दिवस ठरला, लोकांना निरोप गेले. एक तरुण डॉक्टर मित्र होता, तो ऐकेना. कुणीतरी सांगितलं होतं की काखेखाली किंचित थरथर जाणवली. डॉक्टर म्हणाला, थांबा. तीन दिवस हे चाललं. लोक दफनासाठी जमले, तरी हा म्हणतोय अजून एक तास द्या, मग अर्धा तास, मग पाव. सुजलेल्या, भेगाळलेल्या जिभेला तो काहीतरी लावत होता, तेवढ्यात गिल्बर्ट आत आला आणि चिडून म्हणाला, मढ्याला काय भरवतोस, लाज वाटायला हवी! मी गिल्बर्टला दोष देत नाही. सख्ख्या भावाचं प्रेत तीन दिवस बघत राहणं सोपं नाही. आणि त्याच क्षणी प्रेतानं डोळे उघडले, कण्हलं, पुन्हा निपचित पडलं. थोड्या वेळानं पुन्हा. माणूस वाचला.

सगळे इथेच थांबतात. चमत्कार झाला, टाळ्या. माझी गोष्ट इथून सुरू होते.

काही आठवडे गेले. एका रविवारी दुपारी बहीण चर्चमधून येऊन त्याच्याजवळ बसली होती, बायबल वाचत. यानं विचारलं, तुझ्या हातात काय आहे? ती म्हणाली, बायबल. तो म्हणाला, बायबल म्हणजे काय? बहिणीला रडू फुटलं. पाळक व्हायला निघालेला माणूस, आणि बायबल म्हणजे काय! तेव्हा घराला कळलं की याचं सगळं पुसलं गेलंय. अक्षरओळखसुद्धा. मग लहान मुलासारखं वाचायला-लिहायला पहिल्यापासून शिकवलं, नंतर भावानं लॅटिन सुरू केलं. एकदा कॉर्नेलियस नेपोस या रोमन लेखकाचा धडा म्हणताना त्यानं एकदम डोक्याला हात लावला, कळ आल्यासारखा : हे पुस्तक मी आधी वाचलंय! हळूहळू सगळं परत आलं.

हा वृत्तांत एलायस बुडिनो या अमेरिकन राजकारण्यानं लिहून ठेवला. त्यात डॉक्टर आहे, गिल्बर्ट आहे, नेपोस आहे. जिच्या रडण्यानं घराला आजार कळला ती फक्त 'बहीण' आहे. मी ते वाचलं तेव्हा मला आत्याचा चष्मा दिसला.

याच विल्यमच्या लग्नाचीही गोष्ट आहे. जॉन तरुणपणीच, १७३२ साली गेला, आणि न्यू जर्सीतल्या त्याच्या फ्रीहोल्डच्या मंडळीत विल्यम आला. व्यवहारशून्य माणूस, कर्ज झालं. मित्र म्हणाला, लग्न कर. हा म्हणाला, मला त्यातलं काही कळत नाही. मित्रानंच न्यूयॉर्कची एक विधवा सुचवली, मिसेस नोबल. भेट झाली आणि काही दिवसांत लग्न उरकलं. हसा, हसा, तुमच्याकडेही अशी लग्नं झाली असतील. पण तिनं कर्ज फेडलं, घर उभं केलं, म्हणून तो चव्वेचाळीस वर्षं तिथे प्रवचन करू शकला.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं.

तर ओंडक्यांची शाळा. पेन्सिल्व्हेनियात नेशॅमिनीला थोरल्या विल्यमनं, म्हणजे बापानं, लाकडी ओंडक्यांचं एक खोपट बांधलं आणि त्यात पाळक घडवायला सुरुवात केली. जेमतेम वीस फूट लांब, जवळपास तेवढंच रुंद. विरोधकांनी हिणवून 'लॉग कॉलेज' म्हटलं. १७३९ मध्ये जॉर्ज व्हिटफील्ड हा इंग्लिश धर्मोपदेशक आला, त्याला तिथे बायबलमधल्या जुन्या संदेष्ट्यांची शाळा आठवली. मुद्दा असा की शाळा आधी घरात होती. थोरला मुलगा घरीच शिकून तयार झाला, मग बाहेरची मुलं आली.

१७३८ मध्ये सिनडनं, म्हणजे प्रेसबिटेरियन पाळकांच्या वरिष्ठ सभेनं, ठरवलं की विद्यापीठाची पदवी नसेल तर आमच्या समितीपुढे परीक्षा द्या. रोख उघड या ओंडक्यांच्या शाळेवर होता. १७४० मध्ये गिल्बर्टनं नॉटिंगहॅमला पाळकांवरच जहाल प्रवचन केलं, १७४१ मध्ये पंथात फूट पडली, ती १७५८ मध्ये सांधली. १७४६ मध्ये म्हातारा गेला, त्याच वर्षी न्यू जर्सीच्या कॉलेजला सनद मिळाली, तेच आजचं प्रिन्स्टन. गिल्बर्ट आणि विल्यम विश्वस्त झाले. १७५३ मध्ये गिल्बर्ट सॅम्युएल डेव्हिस या पाळकाबरोबर ब्रिटनला गेला आणि त्यांनी जमवलेल्या पैशातून कॉलेजची इमारत, नासाऊ हॉल, उभी राहिली.

नातू, तिसरा विल्यम, तिथेच शिकला, चार्ल्सटनला पाळक झाला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं उभा राहिला. १७७७ च्या मार्चमध्ये त्याचे वडील वारले. तो विधवा आईला आणायला उत्तरेला गेला, आणि तिला घेऊन परतताना ऑगस्टमध्ये वाटेतच वारला. ही आई म्हणजे तीच न्यूयॉर्कची विधवा.

शेवटचं, दोन मिनिटं. आपल्या कोल्हापुरात १८६३ साली रॉबर्ट वाइल्डर जन्मला, मिशनरी रॉयल वाइल्डरचा मुलगा. तो प्रिन्स्टनला शिकला आणि मिशनच्या विद्यार्थी चळवळीसाठी ओळखला गेला. त्याच्या बहिणीचं नाव ग्रेस. ती माउंट होल्योकला शिकली आणि वडील गेल्यावर विधवा आईला घेऊन इकडे परत आली, इस्लामपूरच्या बाजूला कामाला लागली.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. पान माझ्याकडे तपासायला आलंय. आत्याचं नाव यमुना होतं.