कुबट वास पाण्याची वर्दी देतो

मंडळी, नागपुरात महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत जे वाढले, त्यांना कुबट वास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात संदूक उघडली की तो आधी नाकाशी येतो. मग आपण उदबत्ती लावतो, कापूर ठेवतो. चार तास बरं वाटतं. पण वास सोडते ती बुरशी, आणि कापरानं भिंतीतली बुरशी जात नाही. बुरशीला पाणी लागतं. म्हणून आधी पाणी शोधा.

आमच्याच घरचं सांगते. मागच्या खोलीची भिंत विटा-चुन्याची. खालच्या दोन फुटांत लोणा लागला, म्हणजे पांढरा खार फुटला, पोपडे सुटले. ठेकेदारानं चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करून दिला. दिसायला छान झालं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ओल चार फुटांवर! जमिनीतलं पाणी विटेतून वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जातं. सिमेंटनं ती वाट बुजवली, तेव्हा पाणी आणखी वर गेलं. शेवटी सगळं सिमेंट काढलं, अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवली, मग चुन्याचाच गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. ताजा चुना इतका जहाल अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. अशा भिंतीला ऑइल पेंट लावू नका, कळकळीनं सांगते.

ओल भिंतीतली की हवेतली, हे ओळखायला हातभर प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर पक्का बसवा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकमागे असतील तर पाणी भिंतीत आहे; खोलीच्या बाजूला असतील तर हवेत.

आणि हवेतली ओल म्हटलं की आपल्या नागपुरात कूलर आलाच. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या हवेत त्याच्यासारखं सुख नाही. पण पाऊस सुरू झाल्यावर तोच कूलर दमट खोलीत आणखी ओल भरतो. शिवाय ताट्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या बाजूच्या जाळ्या, ओल्याच ठेवून तो पुढच्या मार्चपर्यंत खिडकीत राहतो. टाकी रिकामी करून पुसा, ताट्या उन्हात खडखडीत वाळवा.

मुलं पुण्याला, घर बंद, अशीही घरं आता पुष्कळ. तिथला वास बरेचदा गटाराचा असतो. मोरीच्या जाळीखाली जे पाणी साचून राहतं, तेच गटाराची हवा अडवतं. उन्हाळ्यात ते आटतं. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतलं की झालं.

गाद्या-गोधड्यांना गच्चीवरचं ऊन द्या. लाकडाला मात्र सावलीतच वाळवा, कडक उन्हात ते तडकतं. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत कधीच नकोत, त्या बाधू शकतात.

आईचं सागवानी कपाट मी असंच ठीक केलं. खण बाहेर काढले, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं घट्ट पिळलं, आतून पुसलं आणि तीन दिवस ओसरीत उघडं ठेवलं. आता ते भिंतीपासून चार बोटं पुढे असतं. दर ऑगस्टमध्ये त्याच्यामागे हात घालून मी भिंत चाचपून बघते.