ओटला गेला, गाडी आली

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'निरोगी वार्धक्य आणि समाजाचा सहभाग'. वाचूनच वय वाढल्यासारखं वाटतं. मी आपली कचऱ्याच्या गाडीपासून सुरुवात करते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एक काकू रात्री बाथरूमला जाताना पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. फोन राहिला उशाशी, काकू मोरीपाशी. सकाळी गाडी आली, नेहमीचं गाणं वाजलं, सगळे आपापले डबे घेऊन बाहेर आले. गाडीवरच्या मुलानं शेजारणीला सहज विचारलं, "आज आंटी नहीं दिखीं? रोज तो सबसे पहले आती हैं." तेवढ्या एका वाक्यावर दार तोडलं गेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी बरोबर समोरच्या घरात राहते. निवृत्त डॉक्टर, वर मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक समितीची प्रमुख. आणि मला पत्ता नव्हता!

आमची समिती तेव्हा काय करत होती? पंचाहत्तरी झालेल्यांना शाल-श्रीफळ, वर्षातून एकदा ओंकारेश्वरची सहल आणि दर तीन महिन्यांनी बीपी-शुगरचं शिबिर. शिबिराला गर्दी व्हायची. आकडा कागदावर लिहून हातात द्यायचो, तो कागद घरी जाऊन फ्रिजवर चिकटायचा. पुढे त्याचं काय झालं, हे एकदाही विचारलं नाही. शिबिराला जे येऊ शकत नव्हते, त्यांची तर आम्ही मोजदादच केली नव्हती. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तेच यादीत नाहीत. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

निरोगी म्हातारपण म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असणं, असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटना वेगळं म्हणते. आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करता येण्याची क्षमता टिकणं, ही तिची कसोटी. शुगर आहे, बीपी आहे, तरी रोज सकाळी चालत नाक्यावर जाऊन पोहे-जलेबी खाणारे आजोबा (जलेबी कमी खा, आजोबा) आणि सगळे रिपोर्ट चोख, पण सोफ्यावरून टीव्हीपर्यंतच वावर असलेले आजोबा, यांत मला पहिल्यांची काळजी कमी वाटते.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ज्यांनी कार्ड काढलं नाही त्यांनी या आठवड्यात काढा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइनही आहे, नंबर लिहून घ्या. पण कार्ड चालतं ते भरती झाल्यावर. मोरीत पडू नये म्हणून कार्ड काय करणार?

जुन्या इंदुरात घराला ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा, असायचा. संध्याकाळी म्हातारी मंडळी तिथं बसायची, आणि एखादा दिसला नाही की चार जण विचारायचे. मी ओटल्याच्या आठवणींत रमणारी नाही. त्याच ओटल्यावर सुनांच्या चहाड्याही व्हायच्या, आणि विधवा बाईला तिथं बसायची मुभा नसायची. पण कोण दिसलं नाही, याची नोंद आपोआप व्हायची. रस्ते रुंद झाले, फ्लॅट आले, ओटला गेला. आता शहरात रोज सकाळी दारोदार जाणारं कोण उरलं? कचऱ्याची गाडी. २०१७ साली स्वच्छतेत आपण देशात पहिले आलो ते भाषणं देऊन नव्हे. आधी दोन वॉर्डांत घरोघरी कचरा उचलून पाहिला, जमलं, मग सगळ्या शहरात नेलं. जे शहर रोज ओला-सुका कचरा दारातून वेगळा करून नेतं, त्याला दाराआड कोण आहे हे कळायला कितीसा वेळ लागणार?

काकूंच्या प्रसंगानंतर मी गल्लीत फिरून विचारायला लागले. मेडिकलवाल्याला माहीत होतं की अमुक आजोबांनी महिनाभर बीपीची गोळी नेली नाही. कामवाल्या बाईंना माहीत होतं की आजी पोळी पाण्यात भिजवून खातात, कवळी बसत नाही म्हणून. दूधवाल्याला माहीत होतं की एका घरी अर्ध्या लिटरचं पाव लिटर झालंय. प्रत्येकाकडे एकेक तुकडा, आणि तुकडे जोडणारं कुणी नाही. सहभाग म्हणजे मला तरी एवढंच कळलं, की तुकडा आणून द्यायला एक जागा हवी.

केरळात हे फार आधी जमलंय. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाचं काम सुरू झालं. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारीपाजारी, विद्यार्थी, दुकानदार थोडंसं प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला लागले, अवघड असेल तिथं नर्स आणि डॉक्टर. २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरणच केलं. आधी शेजार, मग सरकार, हा क्रम लक्षात घ्या.

जपानातल्या ताकेतोयो गावाची गोष्ट मला त्याहून आवडते. तिथं २००७ पासून म्हाताऱ्यांसाठी गावात जागोजागी बैठकी सुरू झाल्या. गाणी, हातकाम, हलका व्यायाम, चालवणारे गावातलेच. पाच वर्षांनी पाहिलं तर बैठकीला जाणाऱ्यांत परावलंबी होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. तुम्ही म्हणाल, मुळात धडधाकट तेच जाणार! संशोधकांनाही ती शंका होती, म्हणून त्यांनी घरापासून बैठकीचं अंतर हिशेबात घेतलं, तरी फरक उरलाच. मी त्यातून घेतलं ते अंतर. आमच्या समितीच्या बैठका याच सभागृहात व्हायच्या, बऱ्याच जणांना यायला रिक्षा लागायची. आता मंगळवारची बैठक बगीच्यात, शनिवारची एका घराच्या अंगणात.

आता किल्लीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. एकट्या राहणाऱ्यांची जादा किल्ली जवळपास कुणाकडे तरी हवी, असं ठरलं. ठरवायला दहा मिनिटं, करायला तीन महिने! किल्ली द्यायची कुणाला? भाऊबंदांना नको, शेजाऱ्यांशी पार्किंगवरून अबोला, मंडळाकडे दिली तर सगळ्यांना कळणार. एक आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्हाला दिली तर तुम्ही माझं फ्रिज तपासाल." खरंच तपासलं असतं. शेवटी त्यांनी किल्ली कोपऱ्यावरच्या सेववाल्याकडे ठेवली, पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर स्वतःची सही करून. चाळीस वर्षांची उधारी आहे, तो कुठे जाणार, हा त्यांचा हिशेब. मला तो पटला. विश्वास कुणावर ठेवायचा हे म्हाताऱ्या माणसानं ठरवायचं, समितीनं नाही.

गाडीवरच्या मुलावर आम्ही काम टाकलेलं नाही. त्याला पगार कचऱ्याचा मिळतो. नेहमीचं माणूस दिसलं नाही तर एका नंबरवर सांग, एवढंच. तो नंबर कुणाचा, माहितीय? मोरीत पडलेल्या त्या काकूंचा. त्या आता वॉकर घेऊन चालतात, घरीच असतात, फोन पहिल्या रिंगला उचलतात आणि सगळ्यांच्या घरचं त्यांना ठाऊक असतं. चहाडखोर म्हणून ज्यांचं नाव होतं, त्याच गुणाची आता गल्लीला गरज पडलीय.

आणखी एक बोलते, थोडं बोचेल. आमची पहिली यादी फक्त मराठी घरांची होती. काकूंची ती शेजारीण सिंधी आहे, आणि गाडीवरचा मुलगा आपल्या मंडळाचा सभासद नाही. मंडळाची घटना काय म्हणायची ती म्हणो, यादीत आता गल्लीतली सगळी घरं आहेत. त्यावरून दोघांनी राजीनामे दिले. एक परत आले, त्यांच्या सौभाग्यवतींचा गुडघा बदलल्यावर.

आता बोलणं पुरे, तुम्हा सगळ्यांना बसून तास झालाय. हातांचा आधार न घेता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, यावरून पायांतली ताकद कळते. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषांना बारापेक्षा कमी, बायकांना दहापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. ज्यांचे गुडघे फार दुखतात किंवा चक्कर येते त्यांनी मोजायचं काम घ्यायचं. बाकीच्यांनी खुर्च्या भिंतीला टेकवा, हात छातीवर. शेजारच्याचे आकडे तुम्ही मोजा, स्वतःचे नको, आपण सगळे दोन वाढवून सांगतो. घड्याळ माझ्याकडे आहे.