आठ महिने पाऊस, चार महिने वारा : ठाण्यातील डार्विन ऑर्किड

पडद्यावर दिसणाऱ्या या पांढऱ्याशुभ्र फुलाच्या मागून जी फिकट हिरवी नळी खाली लोंबते आहे, ती जवळजवळ एक फूट लांब आहे आणि तिच्यातला मकरंद केवळ तळाच्या दीड इंचात साठलेला असतो. १८६२ मध्ये चार्ल्स डार्विन यांच्याकडे ही फुले आली, तेव्हा त्यांनी ही नळी मोजली आणि असे भाकीत केले की, दहा-अकरा इंचांपर्यंत सोंड पोहोचवू शकणारा एखादा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे. तसा पतंग तोवर कोणी पाहिला नव्हता. १९०३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, तेव्हा डार्विन यांना जाऊन एकवीस वर्षे उलटली होती. आणि तो पतंग याच फुलावर मकरंद पिताना पाहण्याची संधी अभ्यासकांना मिळाली ती थेट १९९२ मध्ये. वनस्पतिशास्त्रात या आमरीला (ऑर्किडला) अँग्रेकम सेस्क्विपेडेल म्हणतात. हौशी बागकामकरी तिला डार्विन ऑर्किड म्हणून ओळखतात.

हे झाड मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरचे, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या जंगलातले आहे. तिथे जंगल तोडून आणि जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीमुळे किनाऱ्यालगतची झाडी झपाट्याने कमी झाली, आणि संग्राहकांसाठी जंगलातून झाडे काढून नेण्याचाही फटका या आमरीला बसला. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे. म्हणूनच रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेले रोपच घ्यावे आणि ते परदेशातून येत असेल तर त्याचे परवाने व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र पाहूनच घ्यावे, याबाबत कसलीही तडजोड करू नये.

आता आपण पाहत आहोत ते झाड ठाण्यात, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका इमारतीच्या पूर्वेकडील गॅलरीत वाढलेले आहे. ते सांभाळणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. परदेशी आमरी म्हटली की तिला थंड हवा लागणार, काचगृह लागणार, असा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. या झाडाच्या बाबतीत तो खरा नाही. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरचे तोआमासिना हे बंदर विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर आहे, तर ठाणे उत्तरेला सुमारे १९ अंशांवर. उष्मा, दमटपणा, खाऱ्या वाऱ्याची सवय, यांत दोन्ही ठिकाणी फार अंतर नाही. अंतर आहे ते पावसाच्या वाटणीत. तोआमासिनाला वर्षभर, महिन्यामागून महिना पाऊस पडत राहतो. ठाण्यात तो जूनमध्ये कोसळू लागतो, सप्टेंबरअखेर परततो आणि त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. या एका फरकातून इथल्या निगराणीचे सगळे काम निघते : आठ महिने झाडाला पाऊस पुरवायचा आणि चार महिने वारा.

आपल्या सह्याद्रीतल्या आमरींनी हा कोरडा काळ आपापल्या परीने निभावून नेला आहे. आंब्याच्या जुन्या खोडांवर मे-जूनच्या सुमारास जांभळट गुलाबी तुरे सोडणारी सीतेची वेणी जाड, चिवट पानांवर उन्हाळा काढते. डेंड्रोबियमच्या अनेक जाती तर पाने गाळून, मांसल खोडांत साठवलेल्या पाण्यावर तग धरतात. डार्विन ऑर्किडपाशी असे साठवणीचे खोड नाही आणि पानगळीची सोयही नाही. ती एकाच शेंड्याने वर वाढते, तिची पट्ट्यांसारखी जाड पाने समोरासमोर दोन ओळींत येतात, आणि पाण्याचा सगळा भार तिच्या मुळांवर असतो. (सह्याद्रीतल्या आमरींचा उल्लेख झालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातून, म्हणजे राष्ट्रीय उद्यानातून, कोणतेही रोप काढून आणणे हा गुन्हा आहे. शिवाय खोडावरून ओरबाडलेली आमरी घरच्या कुंडीत सहसा जगतही नाही.)

म्हणून कॅमेरा आता मुळांजवळ नेऊ. कुंडीच्या कडेवरून बाहेर आलेले हे मूळ करंगळीपेक्षा थोडे बारीक, रुपेरी पांढऱ्या रंगाचे आहे. बाई त्यावर फवारणी करतात आणि काही क्षणांत तो रुपेरी रंग मावळून आतला हिरवा रंग वर येतो. मुळावरच्या सच्छिद्र, मृत पेशींच्या आवरणात पाणी शिरले की ते पारदर्शक होते आणि आतला जिवंत, हरितद्रव्य असलेला भाग दिसू लागतो. पाणी कधी घालायचे, हे ठरवायला याहून चांगली खूण नाही : मूळ रुपेरी झाले की पाणी घालायचे, हिरवे असेपर्यंत थांबायचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या गॅलरीत साधारण एक दिवसाआड पाणी दिले जाते. मार्चपासून मेपर्यंत ते रोज सकाळी, आणि पारा चाळिशीकडे झुकला की संध्याकाळी लवकर दुसऱ्यांदा. त्याशिवाय दुपारी गॅलरीची फरशी ओली केली जाते, कारण त्या दिवसांत हवेतला दमटपणा टिकवणे मुळांना भिजवण्याइतकेच महत्त्वाचे असते.

पाण्याच्या प्रतीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळून येते, तिथे त्यातले क्षार कुंडीतल्या सालींवर आणि मुळांच्या टोकांवर साचत जातात. निरोगी मुळाचे टोक चकचकीत हिरवे किंवा किंचित तांबूस असते. क्षार वाढले की ते तपकिरी पडते आणि मूळ तिथेच थांबते. पुष्कळ लोक याला खताची कमतरता समजून खत वाढवतात आणि दुखणे दुप्पट करतात, कारण खत हादेखील क्षारच आहे. बाईंनी पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात झाकून साठवण्याची सोय केली आहे. ते संपल्यावर नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरतात, आणि महिन्यातून एकदा कुंडी साध्या पाण्याने खळखळून धुऊन काढतात.

खत अगदी बेताचे. बाजारात सहज मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत एका लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी मुळे साध्या पाण्याने भिजवून मग. नवी मुळे वाढत नसतील तेव्हा खत बंद.

कुंडीत माती अजिबात नाही. ही आमरी अपिवनस्पती आहे. म्हणजे ती दुसऱ्या झाडाच्या खोडाचा केवळ आधार घेते, त्याच्यातून अन्न शोषत नाही, आणि तिची मुळे उघड्या हवेत राहण्यासाठीच घडलेली आहेत. इथे लाकडी पट्ट्यांची टोपली वापरली आहे. तिच्यात पाइनच्या सालीचे मोठे तुकडे, लोणारी कोळसा आणि थोडे विटांचे तुकडे आहेत. नारळाची सोडणे कोकणात फुकट मिळतात, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. परंतु ती पाणी फार काळ धरून ठेवतात आणि ठाण्याच्या पावसाळ्यात लवकर कुजतात, त्यामुळे या झाडासाठी ती टाळलेली बरी. टोपली बदलण्याचे काम मात्र शक्य तितके लांबवावे. मुळे दुखावली की हे झाड रुसते, खालची पाने टाकते आणि एखादा हंगाम फूलही देत नाही. टोपली अपुरी पडू लागली की जुनी टोपली तशीच, मुळांना हात न लावता, मोठ्या टोपलीत बसवायची आणि मधली जागा सालीच्या तुकड्यांनी भरायची, ही पद्धत आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटते.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचे थेट ऊन नको. या गॅलरीत सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास येते आणि मार्च ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावली जाते. पाने काळपट हिरवी आणि लुसलुशीत झाली असतील तर उजेड कमी पडतो आहे, असे समजावे. अशा झाडाला फूल येत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. उन्हाळ्यात चूक झाली तर झाड सुरकुतते आणि सावरायला वेळ देते. जुलैत मात्र ते दोन-तीन दिवसांत हातचे जाऊ शकते. सतत भिजलेल्या, वारा नसलेल्या हवेत शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहते, तिथे काळी कुज शिरते, आणि वाढीचा शेंडा एकच असल्यामुळे तो गेला की बहुतेक वेळा झाडच जाते. जून लागण्यापूर्वी बाई टोपली किंचित तिरपी करून टांगतात, म्हणजे बेचक्यातले पाणी आपोआप ओघळून जाते. जंगलातही ही आमरी खोडावर कलूनच वाढते. वरून पारदर्शक पत्रा आणि बाजूला संथ फिरणारा एक छोटा पंखा, दिवसरात्र. काही मंडळी पहिल्या पावसाचे पाणी मिळावे म्हणून सगळ्या कुंड्या उघड्यावर काढतात. एखादी सर ठीक आहे, परंतु झडीचा पाऊस या झाडाच्या शेंड्यावर पडू देऊ नये.

पानावर पाणचट काळा डाग दिसताच ज्योतीवर तापवून निववलेल्या पात्याने निरोगी भागात थोडे आत जाऊन तो कापावा आणि कापलेल्या जागी दालचिनीची कोरडी पूड लावावी. ही पूड मुळांवर पडता कामा नये, कारण ती मुळांना सुकवते. पावसाळी रात्रींत गोगलगाई वाढत्या मुळांची कोवळी टोके खातात. त्यांना विजेरीच्या उजेडात वेचण्याला पर्याय नाही. पानांच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेलगत खवले कीड बसते, ती मऊ ओल्या कापडाने पुसून काढावी आणि संध्याकाळी कडुनिंबाचे तेल फवारावे.

दिवस लहान होऊ लागले की पानांच्या बुडातून एक हिरवे टोक डोकावते. ते मूळ आहे की फुलांचा दांडा, हे पहिल्या काही दिवसांत सांगता येत नाही. दोन्ही एकाच जागेतून, खोडाला फोडून बाहेर येतात; पुढे मुळाचे टोक गोलसर राहते आणि दांड्यावर पेरे व चपटी आवरणे दिसू लागतात. मादागास्करमध्ये ही आमरी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यापासून वसंतापर्यंत फुलते. आपल्या गोलार्धात तिचा बहर डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. कळ्या दिसू लागल्यावर टोपलीची जागा किंवा दिशा बदलू नये, नाहीतर फुले वेडीवाकडी वळतात. फूल उमलते तेव्हा हिरवट असते, त्याची नळी वळलेली असते, आणि पुढच्या काही दिवसांत पाकळ्या पांढऱ्या होत जातात व नळी सरळ खाली उतरते. दिवसा नाक जवळ नेले तरी वास जेमतेम जाणवतो. दिवेलागणीनंतर मात्र तो गॅलरीतून घरात येतो, कारण त्याचे निमंत्रण रात्री उडणाऱ्या पतंगासाठी आहे.

तो पतंग ठाण्यात नाही. रातराणीवर आणि पपईच्या फुलांवर येणारे हॉक मॉथ आपल्याकडे आहेत, पण या नळीच्या तळापर्यंत पोहोचेल एवढी सोंड त्यांच्यापैकी कोणालाही नाही. म्हणून इथे बी हवे असेल तर परागपुंज (परागकणांचे चिकट गोळे) काडीने उचलून माणसालाच परागीभवन करावे लागते. बोंड भरायला अनेक महिने लागतात आणि तो भार पेलण्याइतके झाड सशक्त असावे लागते. बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो, आणि निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने रुजते. ही गोष्ट १८९९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यांनी ओळखली. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमात, बुरशीशिवाय आमरीचे बी रुजवण्याची रीत सांगितली. आज रोपवाटिकांत मिळणारी या आमरीची रोपे मुख्यतः त्याच रीतीने, काचेच्या बाटल्यांत वाढलेली असतात, आणि जंगलातल्या झाडांवरचा भार हलका होण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. बाईंनी यंदा सर्वांत मोठ्या दांड्यावरच्या एकाच फुलाचे परागीभवन केले आहे. बोंड धरले तर ते फुटण्यापूर्वी, हिरवे असतानाच, ऊतिसंवर्धन करणाऱ्या प्रयोगशाळेत द्यायचे, असे त्यांनी ठरवले आहे. उरलेली दोन फुले तीन-चार आठवडे टिकतील. ती कोमेजल्यावर, बोंड धरले नसेल तर, दांडा बुडाशी कापला जाईल, आणि मार्चच्या उन्हाआधी गॅलरीला पुन्हा जाळी लागेल.